चिनी शहरांत रस्त्यावर दार कोणी उघडायचं?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. चीनमधली शहरं हजारो वर्षं राजाच्या हुकमानं, पट्टी लावून आखलेली आहेत, हे खरं का? आणि अशा शहरात साधा माणूस रोज जगायचा कसा? वास्तुकला शिकणाऱ्या बहुतेक मुलांना पहिल्या भागाचं उत्तर नकाशातून मिळतं आणि दुसरा भाग राहूनच जातो. मी नगररचनेत उभी हयात काढली. विकास आराखडे केले, रस्तारुंदीवरच्या हरकती-सूचनांच्या सुनावण्या घेतल्या. चिनी शहरांचा इतिहास हा माझा जुना अभ्यासविषय. माझं मत असं की दोन्ही भागांचं उत्तर एकाच जागी सापडतं, रस्त्याच्या कडेला. रस्ता किती रुंद ते नकाशात दिसतं. त्या रस्त्यावर दार उघडायचा हक्क कोणाला, ते मात्र कायद्यात आणि फर्मानांत शोधावं लागतं, आणि तिथली माणसं कशी जगत होती ते त्यावरूनच कळतं.

आधी आदर्शाबद्दल. झोउ या प्राचीन चिनी राज्याच्या विधिनियमांच्या ग्रंथात कारागिरीचं एक प्रकरण आहे. मूळ ग्रंथातला एक भाग हरवला होता, त्या जागी हान काळात हे जोडलं गेलं. त्यात राजधानीचं वर्णन मोजक्या ओळींत येतं. नऊ ली (ली म्हणजे अंतराचं चिनी माप, अर्ध्या किलोमीटरच्या आसपास) बाजूचा चौरस, प्रत्येक बाजूला तीन वेशी, नऊ उभे आणि नऊ आडवे रस्ते, प्रत्येक रस्ता नऊ रथ शेजारी शेजारी चालतील एवढा रुंद. डाव्या हाताला पूर्वजांचं मंदिर, उजव्या हाताला भूमीची वेदी, पुढे दरबार, मागे बाजार. पाठ्यपुस्तकांत या ओळी इतक्या वेळा छापल्या जातात की सगळी चिनी शहरं याच साच्यातून निघाली असं वाटावं. प्रत्यक्षात हान राजवटीची राजधानी वेडीवाकडी होती, आणि ज्या तांगकालीन चांगआनचं उदाहरण सगळे देतात तिथं राजवाडा उत्तरेच्या टोकाला, म्हणजे बाजार मागे नाही, पुढे. या ओळींचा दरारा मोठा होता, त्यांची बरहुकूम अंमलबजावणी क्वचितच झाली. त्यांवर याहून जास्त वेळ घालवू नका.

खरा अभ्यास चांगआनपासून सुरू होतो. सुई सम्राट वेन यानं इ.स. ५८२ मध्ये जुन्या हान राजधानीच्या आग्नेयेला मोकळ्या जमिनीवर नवं नगर वसवायला घेतलं. आखणी केली युवन काइ या अधिकाऱ्यानं. पूर्व-पश्चिम ९.७ किलोमीटर, उत्तर-दक्षिण ८.६ किलोमीटर, एकूण सुमारे ८४ चौरस किलोमीटर, सगळं एका तटाच्या आत. ११ उभे रस्ते, १४ आडवे. राजवाड्यापासून दक्षिण वेशीपर्यंत जाणारा मधला रस्ता सुमारे १५० मीटर रुंद. आपल्याकडे आराखड्यात २४ मीटरचा रस्ता दाखवला तरी हरकतींचा पाऊस पडतो, यावरून काय ते समजा. ६१८ मध्ये सत्ता तांग घराण्याकडे गेली आणि नगराचं नाव चांगआन झालं. ऐन भरात इथली वस्ती दहा लाखांच्या घरात असावी, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

या जाळ्यात जे चौकोन उरले ते म्हणजे ‘फांग’, भिंतीनं वेढलेल्या वस्त्या. शंभरावर फांग आणि दोन बाजार, पूर्वेचा आणि पश्चिमेचा. लहान फांग साधारण अर्धा किलोमीटर बाजूचा, मोठा त्याच्या जवळपास दुप्पट. मोठ्या फांगला चार बाजूंना चार दारं आणि आत फुलीसारखे दोन रस्ते. राजवाड्याच्या समोरच्या लहान फांगांना फक्त पूर्वेला आणि पश्चिमेला दार. घरं, मठ, मंदिरं, बागा सगळं भिंतीच्या आत, आणि सगळ्यांची तोंडं आतल्या गल्ल्यांकडे. त्यामुळे त्या भव्य हमरस्त्यांवरून चालणाऱ्याला दोन्ही बाजूंना काय दिसायचं? पाण्याचा चर, झाडांची रांग आणि मातीची भिंत. कवी बाइ जुई यानं लिहून ठेवलंय की शेकडो-हजारो घरं वेइची या खेळाच्या चौकटीच्या पटासारखी आणि बारा रस्ते भाजीच्या वाफ्यांसारखे दिसतात. उंचावरून पाहिलं तर तसंच दिसणार. रस्त्यावर उतरलं की मात्र मैलोन् मैल नुसती भिंत.

आणि घड्याळ सरकारचं. संध्याकाळी राजवाड्याच्या दारावर आधी ४०० ठोके पडायचे, मग आणखी ६००. ते संपेपर्यंत फांगांची दारं बंद. त्यानंतर मोठ्या रस्त्यावर सापडलात तर छडीचे २० फटके, हे तांग संहितेत नमूद आहे. सरकारी तातडीचं काम, लग्न, मयत किंवा आजारपण असेल तर चिठ्ठी घेऊन जाता यायचं. इथं एक बारकावा लक्षात घ्या, कारण तो बहुतेक लेखांतून सुटतो: बंदी मोठ्या रस्त्यांवर होती, फांगच्या आत नव्हती. आतल्या गल्लीत रात्री फिरायला, शेजाऱ्याकडे जायला, गुत्त्यात बसायला मनाई नव्हती. म्हणजे रात्र झाली की दहा लाखांचं शहर संपायचं आणि त्याच्या जागी शंभर गावं सुरू व्हायची. पिंगकांग नावाच्या फांगमध्ये नायकिणींची घरं होती. परीक्षेला आलेले तरुण तिथं रात्रभर अडकून पडायचे, बहुतेक स्वखुशीनं.

बाजाराचीही तीच तऱ्हा. भरदुपारी ढोलाचे ३०० ठोके पडले की व्यवहार सुरू, सूर्यास्ताच्या साधारण पावणेदोन तास आधी घंटेचे ३०० ठोके पडले की आवराआवर. खरेदी-विक्री या दोन कोटांतच व्हावी, असा नियम. पश्चिम बाजारात मध्य आशियातले सोग्दी, इराणी व्यापारी, पूर्वेचा बाजार श्रीमंत वस्तीला लागून. शहराच्या दक्षिण भागातले कितीतरी फांग शेवटपर्यंत भरलेच नाहीत, तिथं शेती होत राहिली. आखणीकारानं लोकसंख्येच्या मानानं फार मोठा घास घेतला होता, हे मान्य करायला हवं.

आपला या शहराशी एक खरा धागा आहे. सातव्या शतकाच्या मध्याला पुलकेशीच्या राज्यात, महाराष्ट्रात येऊन गेलेला आणि इथल्या माणसांच्या मानीपणाबद्दल लिहून ठेवणारा युआन श्वांग ६४५ मध्ये परतला तो या चांगआनमध्ये. त्यानं आणलेल्या ग्रंथांसाठी ६५२ मध्ये बांधलेला स्तूपासारखा मनोरा जिनचांग नावाच्या फांगमध्ये उभा राहिला. नंतर पुन्हा बांधलेल्या रूपात तो आजच्या शीआनमध्ये अजून उभा आहे. शीआनला गेलात तर एक घोळ टाळा. तिथला प्रसिद्ध तट तांग काळचा नव्हे. तो मिंग काळचा, १३७० च्या दशकात बांधलेला, सुमारे पावणेचौदा किलोमीटर लांब. त्याच्या आत मूळ चांगआनचा छोटासा हिस्साच मावतो. युआन श्वांगाचा मनोरा या तटाच्या बाहेर, चांगला तीन-चार किलोमीटर दक्षिणेला आहे. तटावरून मनोऱ्यापर्यंत पायी जा, म्हणजे जुन्या शहराचा आवाका पायांना कळेल.

आता दाराचा मुद्दा. तांग नियमानुसार मोठ्या रस्त्याकडे स्वतःचं दार काढायची मुभा तिसऱ्या श्रेणीच्या वरच्या अधिकाऱ्यांना होती, शिवाय ज्याचं घर फांगमध्ये तिन्ही बाजूंनी कोंडलेलं आहे अशाला. बाकी सगळ्यांनी फांगच्या दारातूनच ये-जा करायची. नियम होता म्हणजे तो पाळला गेला असं समजणारा माणूस कधी वॉर्ड ऑफिसात बसलेला नसतो. ७६७ मध्ये फर्मान निघालं की रस्त्यात भिंती घालून, पडव्या ओढून केलेली बांधकामं पाडा. ८३१ मध्ये रस्त्यांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांनी अहवाल दिला की हक्क नसलेले लोक सर्रास रस्त्याकडे दारं काढताहेत, ढोल वाजायच्या आत दारं उघडली जाताहेत आणि रात्री उशिरापर्यंत बंद होत नाहीत. ८४० मध्ये राजधानीतल्या रात्रबाजारांवर बंदी घालणारा हुकूम आला. बंदीचा हुकूम कधी निघतो? गोष्ट चालू असते तेव्हाच. चोंगरेन नावाच्या फांगबद्दल तर नोंद आहे की तिथली वर्दळ दोन्ही सरकारी बाजारांवर मात करायची, रात्रंदिवस कलकलाट, दिवे विझायचेच नाहीत. ही सगळी फर्मानं ओळीनं वाचली की लक्षात येतं, ज्या चांगआनला आपण शिस्तीचा कळस मानतो त्याच्या भिंतीला शंभर-दीडशे वर्षं लोक आतून भोकं पाडत होते.

चांगआन ९०४ मध्ये संपलं. झू वेन या सरदारानं राजधानी हलवायला लावली, घरं उतरवली आणि लाकूड वेइ नदीतून वाहून नेलं. त्यानंतर महत्त्व आलं काइफंगला, आणि माझ्या लेखी जगाच्या नगररचनेच्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा धडा इथं आहे.

काइफंग राजधानी म्हणून आखलेलं नव्हतंच. कालव्यावरचं व्यापाराचं गाव. सुई काळात खोदलेल्या महाकालव्याला जोडणारा बिआन कालवा गावातून जायचा आणि दक्षिणेचं धान्य त्यातून यायचं. सोंग काळात वर्षाला ६० लाख शी (धान्याचं चिनी माप) धान्य या वाटेनं आणायचं, असा सरकारी ठराव होता. सैन्य आणि नोकरशाही त्यावरच पोसली जायची. धान्य जिथं उतरतं तिथं हमाल, गोदामं, खाणावळी, सराया आपोआप येतात. त्यांना भिंतीच्या आत कोंडून चालत नाही.

सोंग घराणं येण्याच्या थोडं आधी, नंतरच्या झोउ राजवटीचा (प्राचीन झोउ राज्याहून ही वेगळी) सम्राट चाइ रोंग गादीवर होता. त्याचं ९५५ सालचं फर्मान मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या माणसाला वाचायला दिलं आहे. तो म्हणतो: घरं एकमेकांना चिकटली आहेत, रस्ते अरुंद आणि दमट झाले आहेत, उन्हाळ्यात उकाड्याचा त्रास आणि बारा महिने आगीची धास्ती. म्हणून जुन्या तटाबाहेर नवा तट घालायचा. आधी खुणा रोवायच्या. हिवाळा सरताना शेतीची कामं नसतात तेव्हा आसपासच्या गावांतून माणसं घ्यायची, पेरणी सुरू झाली की सोडून द्यायची, काम अपुरं राहिलं तर पुढच्या वर्षी. थडगी, भट्ट्या आणि गावठी बाजार खुणांपासून सात ली बाहेर. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं: सरकारनं रस्ते, गल्ल्या, लष्कराच्या छावण्या, कोठारं आणि कचेऱ्या एवढंच आखून घ्यायचं, ते झालं की उरलेल्या जागेत लोकांनी हवं तसं बांधावं.

युवन काइच्या आखणीपुढे हे ठेवून बघा. तिथं प्रत्येक चौकोनाची कड सरकारनं बांधून टाकली होती. इथं सार्वजनिक सेवांची जागा आधी राखली आणि बाकीचं लोकांवर सोडलं. आज जगभर ‘आधी सुविधा, मग घरं’ म्हणून ज्याचं कौतुक होतं, तो व्यवहार एक हजार वर्षांपूर्वी एका फर्मानात लिहिलेला आहे.

पुढच्याच वर्षी, ९५६ मध्ये, दुसरा हुकूम. रस्ता ५० पावलं रुंद असेल तर दोन्ही बाजूंच्या रहिवाशांनी पाच-पाच पावलांच्या पट्ट्यात झाडं लावावीत, विहिरी खणाव्यात, सावलीसाठी मांडव घालावेत. ३० ते २५ पावलांच्या रस्त्यावर तीन-तीन पावलं. त्याहून अरुंद असेल तर त्या मानानं कमी. चिनी पाऊल म्हणजे साधारण दीड मीटर, तेव्हा मोठ्या रस्त्यावर प्रत्येक बाजूला सात-साडेसात मीटरचा पट्टा लोकांच्या हवाली झाला. अतिक्रमण होणारच हे ओळखून त्याला माप घालून दिलं, आणि त्या बदल्यात लोकांकडून सावली आणि पाणी घेतलं. मला माहीत असलेल्या जुन्या नगरहुकमांत इतका शहाणा हुकूम दुसरा नाही. आपल्या नियमावलीतलं सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची जागा) मोकळं ठेवा म्हणतं, पण त्या मोकळ्या पट्टीत काय व्हावं याबद्दल मूग गिळून बसतं.

सोंग घराणं ९६० मध्ये आलं. ९६५ मध्ये पहिल्या सम्राटानं हुकूम दिला की राजधानीतला रात्रबाजार तिसऱ्या प्रहरापर्यंत अडवू नये, म्हणजे साधारण मध्यरात्रीपर्यंत. ८४० ची बंदी आणि ९६५ ची परवानगी यांत सव्वाशे वर्षांचं अंतर आहे. तेवढ्या काळात शहर म्हणजे काय, याची समजूतच पालटली.

पण हे सुखासुखी झालं नाही. १००२ मध्ये शिए देचुआन नावाच्या अधिकाऱ्याला रस्ते मोकळे करायचं काम दिलं. त्यानं सुरुवात बड्यांच्या वाड्यांपासून केली. ओरड झाली, सम्राटानं काम थांबवायला सांगितलं. शिएनं उत्तर दिलं, आडवे येणारे सगळे धनदांडगे आहेत, त्यांना फक्त घरभाड्याचं उत्पन्न सोडवत नाही, दुसरं कारण नाही. सम्राटाला ते पटलं, काम पुढे चाललं. शिएनं रस्त्यांच्या रुंदीची नोंद करून खुणाही रोवल्या, आणि चांगआनसारखा सकाळ-संध्याकाळचा ढोल परत सुरू करायला लावला. सुनावण्यांत बसलेल्या माणसाला ही नोंद वाचून वेगळंच वाटतं: रस्त्याच्या कडेचा एकेक फूट म्हणजे कोणाचं तरी भाडं, हे तेव्हाही तितकंच उघड होतं. ढोल मात्र टिकला नाही. अकराव्या शतकात जाणकारांनी लिहून ठेवलंय की आता तो ऐकू येत नाही. पुढे पुढे तर रस्त्यात आलेल्या बांधकामांवर सरकार चक्क पैसे आकारू लागलं. पाडण्यापेक्षा वसुली सोयीची. सरकार स्वतःही मोठं घरमालक होतंच. राजधानीत घरं आणि दुकानं भाड्यानं देणारं वेगळं खातं होतं, आणि कडाक्याच्या बर्फात काही दिवसांचं भाडं माफ केल्याचे हुकूम सापडतात.

काइफंगमधलं रोजचं जगणं आपल्याला इतकं तपशिलात कळतं ते मेंग युआनलाव याच्यामुळे. ११२७ मध्ये उत्तरेकडून आलेल्या जुर्चेन लोकांनी शहर घेतलं, हा दक्षिणेत पळाला, आणि म्हातारपणी आपल्या हरवलेल्या शहराच्या आठवणी लिहून काढल्या. प्रस्तावनेवर साल ११४७ आहे. विरहात लिहिलेलं असल्यानं थोडं सोनेरी आहे, पण तपशील पक्का. पहाट झाली की मठांतले सेवेकरी लोखंडाची पट्टी किंवा लाकडी मासा (माशाच्या आकाराचं ठोकायचं वाद्य) वाजवत दारोदार फिरून वेळ सांगायचे. चांगआनमध्ये जी वेळ राजवाड्यावरून यायची ती इथं गल्लीतून चालत येऊ लागली. तोंड धुवायला गरम पाणी विकणारे, चहा आणि काढे विकणारे तेव्हाच बाहेर पडायचे. रात्रबाजार तिसरा प्रहर संपेपर्यंत, आणि पाचव्या प्रहरी, म्हणजे पहाटेच, पुन्हा दुकानं उघडी. गजबजलेल्या ठिकाणी तर रात्रभर. वारा असो, बर्फ पडो, बाजार चुकत नाही. धंदेवाल्यांची कुटुंबं बहुतेक वेळा दुकानातूनच जेवण आणायची, घरात भाजी भरून ठेवायची नाहीत. ज्यांना मद्य गाळायचा परवाना होता अशी ७२ मोठी मद्यगृहं, बाकीची छोटी दुकानं त्यांच्याकडून माल उचलायची. शिआंगगुओ मंदिराचं आवार महिन्यातून पाच वेळा सगळ्यांसाठी बाजार म्हणून खुलं व्हायचं.

यातलं घरातली चूल कमी पेटणं, ही बाब साधी समजू नका. बाहेरचं खाणं स्वस्त आणि जवळ मिळतं तेव्हाच लहान घरात राहणं परवडतं. घराचं स्वयंपाकघर शहरानं आपल्या अंगावर घेतलं, म्हणून तेवढ्या दाटीत माणसं राहू शकली. हे घडलं कारण प्रत्येक गल्लीत दुकानाला रस्त्यावर तोंड होतं.

दाटी म्हटलं की आग. लाकडी घरं, खेटून. मेंगनं लिहिलेली व्यवस्था कुठल्याही अग्निशमन अधिकाऱ्याला आवडेल. दर ३०० पावलांवर एक चौकी, तिथं पाच शिपाई, रात्रीची गस्त त्यांची. उंच जागी विटांचा मनोरा, वर टेहळणी करणारा माणूस. मनोऱ्याखाली सरकारी खोल्या, शंभरावर सैनिक आणि सामान तयार: लहान-मोठ्या बादल्या, शिंपडण्याची भांडी, कुऱ्हाडी, करवती, शिड्या, लांब दांड्याचे आकडे, दोरखंड. चांगआनमध्ये आगीला अडवायला रुंद रस्ते आणि भिंती होत्या. काइफंगनं भिंती सोडल्या आणि त्या जागी माणसं उभी केली. मोकळेपणाला खर्च येतो, आणि तो खर्च सोंग सरकारनं उचलला. आपल्याकडे ‘मिश्र वापर’ हा शब्द आराखड्यात लिहिताना ही बाजू विसरली जाते.

याच शहराचं म्हणून ओळखलं जाणारं झांग झेदुआनचं ५.२८ मीटर लांब गुंडाळी-चित्र बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. त्यातला कमानी पूल बारकाईनं पाहा. पुलावर दोन्ही कडांना टपऱ्या आहेत, मधून वाट काढत जनावरं आणि पालख्या चालल्या आहेत, आणि खाली डोलकाठी उतरवता उतरवता एका नावेची तारांबळ उडाली आहे. पुलावर टपऱ्या मांडायला नियमानं परवानगी नव्हती, तरी त्या तिथं आहेत.

दक्षिणेत गेल्यावर सोंग दरबार ११३८ पासून हांगझोउला स्थिरावला. डोंगर, तळं आणि कालवे यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत चौकोनी आखणी शक्यच नव्हती, आणि कोणी हट्टही धरला नाही. त्याआधी पन्नास वर्षं इथला राज्यपाल असलेल्या कवी सू शीनं तळ्यातला गाळ उपसून त्याचाच लांब बांध घातला होता. गावाचं पिण्याचं पाणी त्या तळ्यावर अवलंबून होतं. तो बांध आजही लोक सकाळी फिरायला वापरतात.

बीजिंगची चौकट मंगोलांची. कुबलाई खानानं १२६७ मध्ये दादूचं, म्हणजे इथल्या आपल्या राजधानीचं, बांधकाम सुरू केलं, आराखडा लिउ बिंगझोंगचा, पाण्याची सोय गुओ शोउजिंगची. डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी वळवून त्यानं १२९३ पर्यंत कालवा शहरात आणला आणि धान्याच्या नावा थेट आतल्या तळ्यापर्यंत येऊ लागल्या. प्राचीन ग्रंथातला चौरस इथं बऱ्यापैकी उतरला, बाजारही राजवाड्याच्या मागे आला. पण फांगच्या भिंती परत आल्या नाहीत, फांग फक्त नावापुरते उरले. त्यांच्या जागी आल्या हुतोंग, पूर्व-पश्चिम धावणाऱ्या समांतर गल्ल्या, एकमेकींपासून सुमारे ७५ ते ८० मीटरवर, म्हणजे मधल्या प्रत्येक घराला अंगण आणि दक्षिणेचं ऊन मिळावं. १२८५ च्या हुकमानं एका घराला आठ मू (जमिनीचं चिनी माप) जागा ठरली. प्राधान्य अर्थातच पैसेवाल्यांना आणि अधिकाऱ्यांना. चौकट सरकारची, गल्ली सगळ्यांची, अंगण घराचं. या तीन पायऱ्या इतक्या चांगल्या बसल्या की मिंग घराणं आलं, छिंग घराणं आलं, राजवाडा १४२० मध्ये नव्यानं उभा राहिला, १५५३ मध्ये दक्षिणेला बाहेरचा तट जोडला गेला, तरी हुतोंगांची वीण जागची हलली नाही. रात्र मात्र इथंही सरकारचीच राहिली. घंटा झाल्यावर फिरायला बंदी, आणि पुढच्या काळात गल्ल्यांच्या तोंडाशी लाकडी फाटकं.

१९५० मध्ये या शहराला एक संधी होती. लिआंग सिचेंग आणि चेन झानशिआंग या दोघांनी प्रस्ताव दिला की नव्या सरकारच्या कचेऱ्या जुन्या शहराच्या पश्चिमेला, तटाबाहेर बांधाव्यात आणि जुनं शहर जसंच्या तसं ठेवावं. तटाच्या माथ्यावर लोकांसाठी बाग करावी, असंही लिआंगचं म्हणणं होतं. प्रस्ताव नाकारला गेला. कचेऱ्या आत आल्या, तट टप्प्याटप्प्यानं गेला, त्याच्या रेषेवर १९६५ पासून भुयारी रेल्वे खोदली आणि वर दुसरा वर्तुळाकार रस्ता आला. जुन्या शहरांसाठी काम केलेल्या कुठल्याही माणसाला ही हानी भरून न येणारी वाटेल. मलाही वाटते.

तट पाडणाऱ्या त्याच राजवटीनं दुसरीकडे हजारो नव्या भिंती घातल्या. कारखाना, विद्यापीठ, कचेरी, प्रत्येकाचं ‘दानवेइ’ म्हणजे कार्यगट, आणि त्याचं स्वतःचं भिंतीबंद आवार. आत घरं, भोजनगृह, स्नानगृह, दवाखाना, बालवाडी. भाडं नाममात्र, पण नोकरी, घर, लग्नाची मंजुरी सगळं एकाच कचेरीच्या हातात. सरकारी घर वाटप १९९८ मध्ये बंद झालं आणि बिल्डरांची गृहसंकुलं आली. तिथंही भिंत आणि फाटक. बरेच अभ्यासक इथून थेट तांग फांगपर्यंत सरळ रेघ ओढतात. मला ते पटत नाही. फांग होता पहाऱ्यासाठी, दानवेइ उत्पादन आणि वाटपासाठी. आजच्या संकुलांचं कारण जमिनीच्या हिशेबात आहे. शहरी जमीन सरकारची, पण १९८७ च्या डिसेंबरमध्ये शेन्झेनमध्ये वापरहक्काचा जाहीर लिलाव झाला आणि पुढच्या वर्षी घटनादुरुस्तीनं त्याला आधार मिळाला. तेव्हापासून महापालिकांचं मोठं उत्पन्न जमिनीचे पट्टे देण्यातून येऊ लागलं. मोठा भूखंड एकाच बिल्डरला दिला की पालिकेला भोवतीचे रुंद रस्ते तेवढे करावे लागतात, आतले रस्ते बिल्डर करतो. चारशे-पाचशे मीटर बाजूचे बंद ठोकळे आणि त्यांच्यामध्ये आठ पदरी रस्ते हा त्याचा परिणाम. माप फांगच्या जवळ गेलं, कारण मात्र निराळं.

या ठोकळ्यांमुळे कोंडी होते, पायी चालणं नकोसं होतं, हे तिथल्या नियोजनकारांना चांगलं कळत होतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रानं मार्गदर्शक सूचना काढल्या: नवी बंद संकुलं सहसा बांधू नयेत, असलेली हळूहळू खुली करावीत, रस्ते अरुंद पण दाट असावेत, २०२० पर्यंत दर चौरस किलोमीटरला ८ किलोमीटर रस्ते व्हावेत. घरमालकांनी जोरदार विरोध केला, आणि त्यांच्या बाजूनं कायदा होता. २००७ च्या मालमत्ता कायद्यानुसार संकुलाच्या आतले रस्ते घरमालकांच्या सामाईक मालकीचे. ज्यांनी त्या रस्त्यांचे पैसे घराच्या किमतीत मोजले त्यांना ते फुकट सोडा म्हणणं सोपं नव्हतं. २०२० च्या साथीत तर याच फाटकांनी पूर्ण संकुलं सील करायचं काम केलं, आणि भिंत पाडायचा विषय आणखी मागे पडला.

त्याच सुमारास बीजिंगमध्ये उलट दिशेनं मोहीम चालली. हुतोंगांत आणि जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर लोकांनी राहत्या घराची भिंत फोडून रस्त्याकडे दुकानं काढली होती: न्हावी, भाजीवाला, नूडलवाला, छोटे कॅफे. २०१७ मध्ये अशी हजारो दारं विटा रचून बंद करण्यात आली. लोकसंख्या २ कोटी ३० लाखांवर रोखायची, हे त्या वर्षी मंजूर झालेल्या बृहत् आराखड्याचं उद्दिष्ट, आणि या दुकानांवर पोट असणारे बहुतेक बाहेरगावचे. काही दुकानदारांनी उरलेल्या खिडकीतून विक्री चालू ठेवली, गिऱ्हाइकाला हात पोचावा म्हणून खाली स्टूल ठेवलं. ८३१ चा अहवाल आणि २०१७ ची मोहीम शेजारी ठेवून वाचा, तक्रारीची भाषासुद्धा फार बदललेली दिसणार नाही.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर असं: चौकट वरून आली, बऱ्याचदा उत्तम आली, पण ती पाळली गेली असं एकही शतक दाखवता येणार नाही. आणि प्रबंधासाठी चिनी शहर घेणार असाल तर उपग्रह नकाशापाशी थांबू नका. शहराच्या तीन भागांतला एकेक किलोमीटर रस्ता घ्या, एक हुतोंगचा, एक जुन्या दानवेइजवळचा, एक नव्या संकुलाभोवतीचा. दोन्ही कडांची उघडी दारं मोजा, बुजवलेल्या दारांच्या खुणाही मोजा, आणि तेच सकाळी सातला आणि रात्री दहाला पुन्हा करा. तुमच्या तक्त्यात जे आकडे येतील त्यावर पुढचं बोलू.